पणजीचा पारा आणि सत्तरीची हवा

पौष महिन्यात पहाटेच्या कदंब बसने वाळपईहून पणजीस कचेरीत येणारा कारकून स्वेटर घालून, कानाला मफलर गुंडाळून निघतो. फोंडा मागे पडले, बाणस्तारीचा पूल ओलांडला की मफलर सुटते. आणि पणजीच्या बसस्थानकावर तो उतरतो तेव्हा स्वेटर काखेत आलेला असतो. त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मात्र गोव्याचे किमान तापमान म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो पणजीचा. वाळपईच्या कारकुनाने तो वाचावा, पहाटे आपण कुडकुडलो ते उगाचच असे मानावे आणि फायलीत डोके घालावे, एवढेच त्याच्या हाती राहते. चैत्रात हाच प्रकार उलट्या बाजूने घडतो. पणजीत दुपारी समुद्रावरून वारा सुटून जिवाला थंडावा मिळतो, तेव्हा सत्तरी, धारबांदोडा, सांगे या भागांतील माणूस सड्यावरच्या तापलेल्या जांभ्याच्या झळा सोशीत असतो. त्याच्या वाट्यालाही पणजीचाच पारा येतो.

वेधशाळेची थट्टा करणे हा आपल्याकडील एक जुना आणि स्वस्त विरंगुळा आहे. त्यात भर घालण्याची आमची इच्छा नाही. १८७५ साली स्थापन झालेल्या या खात्याने जानेवारी २०२५ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण केली, आणि त्यातील अलीकडच्या पंचवीस वर्षांतील काम तर अभिमानाने सांगावे असे आहे. १९९९ च्या ओडिशातील महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ साली त्याच किनाऱ्यावर 'फायलिन' आदळले तेव्हा लाखो लोक आधीच सुरक्षित स्थळी हलविलेले होते आणि मृतांची संख्या काही डझनांवर थांबली. वादळाचा माग काढणाऱ्या शास्त्रज्ञांना उद्याचे तापमान सांगता येत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. देशाच्या मोठ्या प्रदेशात उद्या उष्मा वाढेल की घटेल, हे ते पुष्कळ अंशी बिनचूक सांगतात. आमचा प्रश्न त्या पुढचा आहे. दिल्ली किंवा पुण्याहून जो अंदाज निघतो, त्यात गावागावांतील फरक किती उतरतो? आणि जो उतरत नाही, त्याची किंमत कोण मोजतो?

गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर. देशाच्या नकाशावर ते बोटाच्या नखाखाली झाकले जाईल. परंतु पश्चिमेच्या पुळणीपासून पूर्वेच्या घाटमाथ्यापर्यंत पन्नास-साठ किलोमीटरांच्या पट्ट्यात निसर्गाने इतके प्रकार कोंबले आहेत की, एका आकड्यात त्यांचा समावेश करणे म्हणजे सगळ्या घराला एकाच मापाचा सदरा शिवण्यासारखे आहे. उंचीचाच विचार करा. दर किलोमीटर चढाला हवा सरासरीने साडेसहा अंशांनी थंड होते. सत्तरी तालुक्यातील सुर्ल हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे केवळ उंचीमुळे तेथील हवा किनाऱ्यापेक्षा पाचेक अंशांनी थंड असावयास हवी. हे सुर्ल आणि पर्यटकांनी गजबजलेले कळंगुट ही दोन्ही गावे उत्तर गोवा जिल्ह्यातच आहेत, आणि जिल्ह्यासाठी निघणारा इशारा दोघांनाही एकाच शब्दांत मिळतो.

उंचीपेक्षाही मोठा कारभार समुद्राचा आहे. पाणी सावकाश तापते, सावकाश निवते. म्हणून किनाऱ्यावर दिवस फार चढत नाही आणि रात्र फार उतरत नाही. जसजसे आत जावे, तसतसा हा आधार सुटत जातो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून देते, तिला चिकटलेली हवा गार आणि जड होते, आणि ही जड हवा उतारावरून ओघळत जाऊन खोऱ्यात साचते. म्हादईच्या खोऱ्यात पहाटे जे धुके दाटते, ते याच साचलेल्या हवेचे रूप. तिथलाच माणूस दुपारी घामाघूम होतो. एका दिवसात थंडी आणि उष्मा या दोहोंचे टोक त्याला पाहावे लागते. किनाऱ्यावरच्या माणसाला दोन्हींचा मध्य मिळतो, आणि तो मध्य म्हणजेच गोव्याचे हवामान अशी सर्वत्र समजूत आहे. पर्यटन खात्याच्या पत्रकांनी ती आणखी घट्ट केली आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे.

शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनी खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले. परीक्षा संपली की ते विसरले जातात. पण आपल्या उन्हाळ्याचे सारे गणित या दोन शब्दांत आहे. एरवी सकाळ उलटताना समुद्राकडून खारे वारे सुरू होतात आणि पाऱ्याचा चढ तेथेच अडतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये कधी कधी पूर्वेकडून, घाट उतरून, कोरडे वारे जोराने येतात. उतरताना हवा दाबली जाते आणि दाबली गेल्याने अधिकच तापते. हे वारे खाऱ्या वाऱ्यांना किनाऱ्यावरच थोपवून धरतात. मग दोन-दोन वाजेपर्यंत समुद्र जणू श्वासच घेत नाही, आणि पणजीसारख्या शहरातही पारा सदतीस-अडतीसकडे धाव घेतो. म्हणजे पणजीचे कमाल तापमान हे पुष्कळदा खारा वारा किती वाजता आला याचे उत्तर असते. हा तास-दोन तासांचा हिशेब देशाच्या पातळीवरून मांडणे कठीण आहे. आणि ज्या गावापर्यंत तो वारा पोहोचेपर्यंत दमून जातो, त्या गावाची दुपार पणजीच्या आकड्यावरून ताडणे त्याहून कठीण.

आता राष्ट्रीय अंदाजाची घडण पाहू. हवामान खात्याने देशाचे ३६ उपविभाग केले आहेत. त्यांतील एकाचे नाव 'कोकण व गोवा'. डहाणूपासून काणकोणपर्यंतचा सारा पट्टा, किनारा आणि घाटपायथा धरून, या एका नावाखाली येतो. 'कोकण व गोव्यात पुढील दोन दिवसांत कमाल तापमान २ ते ३ अंशांनी वाढेल' हे वाक्य खोटे नसते. ते इतके मोठे असते, की त्यात कोणाचेच गाव नेमके सापडत नाही. या वाक्यामागे ज्या तापमापकांच्या नोंदी असतात, तेही शिस्तीने बसविलेले असतात: पांढऱ्या झडपांची लाकडी पेटी, जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास उंच, मोकळ्या जागी, भिंती आणि डांबर यांपासून दूर. (या पेटीचा जनक थॉमस स्टीव्हन्सन हा दीपगृहे बांधणारा अभियंता होता, आणि प्रसिद्ध कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन याचा पिता.) ती जाणूनबुजून रस्त्यापासून दूर ठेवलेली असते, कारण एका गावच्या हवेची दुसऱ्या गावच्या हवेशी तुलना करावयाची तर दोन्हीकडे परिस्थिती सारखी हवी. शास्त्रदृष्ट्या हे योग्यच आहे. परंतु पत्र्याच्या छपराखाली राहणारा खाणपट्ट्यातील मजूर किंवा मिठागरात उभी असलेली बाई त्या पेटीत राहत नाही, एवढे भान आकडा वाचताना असावे.

खरी अडचण व्याख्येपाशी येते. उष्णतेची लाट केव्हा म्हणावयाची, याचे नियम खात्याने ठरविले आहेत. मैदानी प्रदेशात कमाल तापमान निदान ४०, डोंगराळ भागात ३० आणि किनाऱ्यावर ३७ अंश असावे. आणि ते त्या ठिकाणच्या सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी चढलेले असावे. शिवाय ही अट उपविभागातील किमान दोन केंद्रांवर, लागोपाठ दोन दिवस पुरी झाली पाहिजे. नियम काटेकोर आहे, आणि देशभर एकच माप लावावयाचे तर असाच हवा. पण त्यातला 'सरासरीपेक्षा' हा शब्द नीट वाचा. सरासरी काढावयास तीस-तीस वर्षांच्या नोंदी लागतात. जेथे तापमापकच ठेवलेला नाही तेथे सरासरी नाही; जेथे सरासरी नाही तेथे ती ओलांडली जाण्याचा प्रश्न नाही; आणि जेथे ती ओलांडली जात नाही, तेथे कागदोपत्री लाट येऊच शकत नाही. वाळपई, सांगे, केपे येथील पावसाचे मिलिमीटर आपण जून ते सप्टेंबर रोज सकाळी वाचतो. तापमानाच्या रकान्यात मात्र पणजी आणि मुरगाव ही दोनच नावे असतात, आणि दोन्ही पाण्याच्या काठची.

याचा अनुभव गोव्याने २०२३ साली घेतला. त्या वर्षीचा फेब्रुवारी हा देशातील कमाल तापमानाच्या सरासरीत १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण फेब्रुवारी ठरला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात लाटेचा इशारा निघाला आणि ९ व १० मार्च रोजी शाळा दुपारी बारापूर्वी सोडाव्यात असा आदेश शिक्षण खात्याने दिला. हेतू चांगला होता, तत्परताही स्वागतार्ह होती. पण आदेश राज्यभर एकच होता. मिरामारचे मूल आणि सत्तरीतल्या वाड्यावरचे मूल, दोघांना एकच घंटा. बाराच्या सुमारास सुटलेले शहरातले मूल रिक्षाने किंवा वडिलांच्या स्कूटरवरून पाच मिनिटांत पंख्याखाली जाते. वाड्यावरचे मूल बसची वाट पाहून, वरून एखादा मैल चालून, ज्या उन्हापासून त्याला वाचवावयाचे त्याच उन्हातून घरी पोहोचते. तेथील शाळेची वेळ वेगळी ठरवावयाची तर तेथील दुपार किती वाजल्यापासून असह्य होते, याची नोंद कोणाकडे तरी असावयास हवी.

त्याच आठवड्यात, ५ मार्चपासून, म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या रानात आगी लागल्या. नौदल आणि हवाई दल यांची हेलिकॉप्टरे बांबी बकेट घेऊन घिरट्या घालू लागली. डोंगरामागून डोंगर दिवसचे दिवस धुमसत होते. आग कोणी लावली की ती लागली, या वादात आज आम्ही शिरत नाही. पण वाळलेल्या पाल्यावरून वारा कसा वाहतो, रानातली हवा किती तापली आहे आणि किती कोरडी झाली आहे, हे चार दिवस आधी कळले असते तर वनरक्षकांना कोठे उभे करावे एवढे तरी ठरविता आले असते. ते पणजीच्या पाऱ्यावरून कळण्यासारखे नव्हते. पणजीच्या पाऱ्याचा सर्व वेळ समुद्राशी संवाद चालू असतो.

आकडा फसवितो तो केवळ अंतर्भागाला नव्हे. किनाऱ्यालाही तो दुसऱ्या रीतीने फसवितो. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघर येथील पुरस्कार समारंभाला लाखो माणसे भर उन्हात तासन्‌तास बसली, आणि उष्माघाताने चौदा जणांचा बळी गेला. नजीकच्या केंद्रावर त्या दिवशी नोंदले गेलेले तापमान सुमारे ३८ अंश होते. विदर्भातला माणूस हा आकडा ऐकून हसेल. पण विदर्भात घाम वाळतो आणि अंग निवते. कोकणात घाम अंगावरच राहतो. ३४ अंश तापमान आणि ६० टक्के दमटपणा एकत्र आले तर शरीराला होणारा त्रास कोरड्या हवेतील चाळीस अंशांच्या वरचा असतो. खात्याने २०२३ पासून प्रायोगिक पातळीवर उष्णता निर्देशांक काढावयास सुरुवात केली, 'उष्ण व दमट' असा वेगळा इशाराही दिला जातो. ही समज आल्याची खूण आहे. तथापि लोकांच्या डोक्यात अजूनही एकच आकडा बसलेला आहे, आणि तो आम्ही वर्तमानपत्रवाल्यांनीच बसविला आहे.

अहमदाबादेने या बाबतीत वेगळी वाट धरली. २०१० च्या मे महिन्यात त्या शहरात पारा ४६.८ अंशांवर गेला, आणि त्या महिन्यात एरवीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले असे नंतरच्या अभ्यासात दिसून आले. मग तेथील महानगरपालिकेने २०१३ साली उष्णतेविरुद्धचा कृती आराखडा केला आणि आपल्या शहरात किती अंशांवर माणसे मरू लागतात, हे पाहून इशाऱ्याच्या पायऱ्या ठरविल्या. देशाची व्याख्या त्यांनी मोडली नाही. तिच्या शेजारी स्वतःची ठेवली. पणजीला आणि फोंड्याला असा विचार करण्यास कोणी मनाई केलेली नाही.

यावर तंत्रज्ञानाच्या भक्तांचे उत्तर तयार असते: आता सारे बारीक होत आहे. ते खोटे नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने दोन हजार कोटींच्या 'मिशन मौसम'ला मान्यता दिली. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने घडविलेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' मे २०२५ मध्ये सुरू झाली; पूर्वी १२ किलोमीटरची असलेली जाळी तिने ६ किलोमीटरवर आणली. ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायतींना त्यांच्या गावाचा अंदाज मिळण्याची सोय झाली आहे. आपण हिशेब करून पाहू. सहा किलोमीटरची एक चौकट म्हणजे ३६ चौरस किलोमीटर. गोव्यात अशा सुमारे शंभर चौकटी बसतील. पूर्वी पंचवीस-सव्वीसच बसत. प्रगती खरीच मोठी आहे. पण चोर्ला घाटाखाली एका चौकटीत पायथा आणि माथा दोन्ही येतात, सातशे मीटरचा चढ त्या एका आकड्यात सपाट होतो. किनाऱ्यावरच्या चौकटीत अर्धा समुद्र आणि अर्धे माड. शिवाय आपल्या १९१ पंचायतींना रोज जे आकडे मिळतील, ते काढलेले असतील, मोजलेले नसतील. गणकयंत्राने काढलेला आकडा बरोबर आहे की चूक, हे त्या गावात तापमापक असल्याखेरीज कोण सांगणार? आणि चूक कळल्याखेरीज ती दुरुस्त तरी कशी व्हावी? गणकयंत्र एखाद्या गावाच्या बाबतीत रोज दोन अंशांनी चुकत असेल तर तो दोष काढून टाकणे अवघड नाही. त्यासाठी त्या गावची चार-पाच वर्षांची वही मात्र हवी.

नुसते यंत्र उभे करूनही भागत नाही. २९ मे २०२४ रोजी दिल्लीतील मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखविले. जगभर बातमी झाली. त्याच दिवशी सफदरजंगला ४६.८ होते. पुढे खात्यानेच तपासणी करून सांगितले की, मुंगेशपूरचे यंत्र तीन अंशांनी चढे दाखवीत होते. त्याच आठवड्यात नागपुरातील एका यंत्राने ५६ अंशांचा पराक्रम केला. तेही बिघाडाचेच निघाले. स्वयंचलित यंत्र पगार मागत नाही, रजा मागत नाही. पण त्याच्यावर धूळ बसते, शेजारी भिंत उठते, वेल चढते, आणि ते निमूटपणे खोटे बोलू लागते. त्याच्याकडे पाहणारा माणूस लागतोच.

म्हणूनच २०२४ च्या मार्चच्या सुमारास घेतला गेलेला एक निर्णय आम्हांस समजला नाही. जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रांत शेतकऱ्यांना हवामानावरून सल्ला देण्यासाठी उघडलेले १९९ कक्ष तेव्हा बंद करण्यात आले. माहिती आता वरूनच आपोआप जाते, मग खाली माणूस कशाला, अशी विचारसरणी त्यामागे दिसते. आंब्याला मोहोर फुटावयास रात्री किती गार लागतात, काजूच्या मोहोरावर ढगाळ हवेत ढेकण्या केव्हा पडतो, वायंगणाच्या तरव्याला पहाटेची थंडी कितपत सोसते, हे जो आपल्या तालुक्यातल्या शेतकऱ्याशी बोलून जाणतो, त्यालाच सरकारी आकड्याचा अर्थ लावता येतो. जाळी सहा किलोमीटरवर आणावयाची आणि ती वाचून दाखविणारा माणूस काढून टाकावयाचा, हे गणित उलटे आहे. जुने गोव्यातील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतून शेतीविषयक हवामान सल्ला निघतो, तो गोमंतकातील बागायतदारांनी वाचावा इतका उपयुक्त असतो. पण एका ठिकाणाहून कितीही सावध नजर टाकली तरी पेडण्याचे कुळागर आणि काणकोणचा काजूमळा यांतला फरक तीत पुरता येणार नाही.

कुळागरात शिरले की दोन अंश उतरतात आणि सड्यावर आले की चढतात. प्रत्येक कुळागरासाठी दिल्लीने अंदाज द्यावा, अशी मागणी कोणी शहाणा करणार नाही. पण तालुक्यासाठी ती करता येते, आणि दिल्लीकडे नव्हे तर पर्वरीकडे. गोव्यात बारा तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात एक, घाटमाथ्यावर सुर्लला एक आणि खाणपट्ट्यात एक, एवढ्या चौदा पांढऱ्या पेट्या, शास्त्रशुद्ध जागी बसविलेल्या, ही खर्चाची बाब नव्हे. एका महोत्सवाच्या मांडवाचाही खर्च याहून अधिक होतो. आल्तिनोच्या वेधशाळेने जागा निवडावी, वर्षातून दोनदा उपकरणे तपासावीत. सकाळी साडेआठ आणि संध्याकाळी साडेपाच या नोंदीच्या वेळा आहेत. त्या वेळी आकडा वहीत उतरविण्याचे काम तालुक्यातील एखाद्या माध्यमिक शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकाकडे, मानधन देऊन, सोपवावे. रविवारी आणि चतुर्थीच्या सुट्टीत ते कोण करील, हेही आधीच ठरवावे, कारण आपल्याकडील चांगल्या योजना बहुधा रविवारीच मरतात. तालुक्याची स्वतःची सरासरी हाती येण्यास वर्षे लागतील हे खरे. पण पहिल्याच फेब्रुवारीत वाळपई पणजीहून किती तापते आणि किती वाजता तापते, हे शिक्षण खात्याला आणि वन खात्याला कळेल. शाळा केव्हा सोडावी आणि रानात पहारा केव्हा वाढवावा, हे त्यावरून ठरविता येईल.

राहिला आमचा वाटा. पणजीचा आकडा 'गोव्याचे तापमान' या मथळ्याखाली छापण्याची चूक वृत्तपत्रे वर्षानुवर्षे करीत आली आहेत, आणि त्यात आम्हीही आहोत. ही सवय आम्ही आजपासून सोडीत आहोत. पणजीच्या आकड्यापुढे पणजी असेच छापले जाईल. इतर तालुक्यांचे आकडे ज्या दिवशी मिळू लागतील, त्या दिवसापासून पावसाच्या आकड्यांसाठी असतो तसा तक्ता त्यांच्यासाठीही पहिल्या पानावर राखून ठेवू.